ड्रोन पाडायला छर्ऱ्याची बंदूक? डासाच्या रॅकेटवरून समजून घेऊया

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने युक्रेनचा व्हिडिओ टाकला. चिखलाच्या रस्त्यावरून पिकअप पळतेय, मागच्या हौद्यात एक सैनिक पाठमोरा बसलाय आणि त्याच्या हातात चक्क छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे आपल्याकडे गावात रानडुकरांसाठी ठेवतात ना, तसली बारा बोअर. खाली लगेच एकाचा मेसेज, "एवढी अब्जावधी डॉलरची मदत गेली कुठे, हे काय डुक्कर मारायला निघालेत का?"

हसलो मीपण. पण नंतर बसून जरा हिशोब केला, अगदी शाळेतलं गणित, आणि लक्षात आलं की त्या हौद्यातल्या माणसाकडे त्या क्षणाला याहून बरं काही असूच शकत नाही. तो हिशोबच इथे मांडतो. आणि तो करताना आपल्या घरातला डास डोळ्यासमोर ठेवू, कारण हे सगळं प्रकरण डासासारखंच आहे.

आधी कुठला ड्रोन ते ठरवू

ड्रोन म्हटलं की लग्नातल्या शूटिंगवाल्या ड्रोनपासून ते विमानाएवढ्या यंत्रापर्यंत सगळं त्यात येतं, त्यामुळे चर्चा फार लवकर भरकटते. इथे विषय आहे तो एफपीव्ही ड्रोनचा. याचा पायलट डोळ्याला गॉगल लावून लांब कुठेतरी तळघरात बसलेला असतो आणि ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्याला दिसतं, जणू तोच त्यात बसलाय. चार पंखे, मध्ये बॅटरी, आणि पोटाला बांधलेला एक-दोन किलोचा स्फोटक गोळा. हा ड्रोन परत येत नाही, येऊन आदळतो. वेग ताशी १०० किलोमीटर किंवा त्याच्याही वर, आणि किंमत साधारण ४००-५०० डॉलर, म्हणजे आपल्याकडे एका बऱ्यापैकी मोबाईलची.

स्वस्त आहे म्हणूनच त्याची भीती जास्त. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी पुढच्या वर्षात १० लाख ड्रोन बनवायचं जाहीर केलं होतं, आणि पलीकडे रशियाही गप्प बसलेला नाही. एवढ्या झुंडीवर लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र सोडणं म्हणजे डास मारायला बुलडोझर. शिवाय ते क्षेपणास्त्र प्रत्येक खंदकात देणार कुठून?

रायफल असताना छर्रे कशाला?

ही शंका बरोबर आहे, कारण सैनिकाच्या खांद्याला रायफल असतेच आणि तिची गोळी ४००-५०० मीटरवर माणूस टिपते. छर्ऱ्याची बंदूक पन्नास मीटरनंतर ढेपाळते.

पण आता गणित बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. रायफल ऑटोमॅटिकवर टाकली तर सेकंदाला साधारण १० गोळ्या. म्हणजे समोरून आडवा जाणारा ड्रोन एक गोळी सुटून दुसरी सुटेपर्यंत २.८ मीटर पुढे गेलेला असतो! आणि ड्रोनची रुंदी किती, तर जेवणाच्या ताटाएवढी, आणि त्या ताटातही अर्धी हवाच. म्हणजे तुम्ही पावणेतीन-पावणेतीन मीटरच्या गाळ्याचं जाळं फेकून एक मासा धरायला बघताय. लागली तर नशीब, आणि लोक नशिबाने वाचलेतही, पण त्यावर भरवसा ठेवून कोणी खंदकात बसत नाही.

डासाला सुईने मारायचा प्रयत्न करून बघा. सुई कितीही टोकदार असली तरी काय उपयोग, डास तिच्या टोकावर यायला हवा ना. म्हणून आपण रॅकेट घेतो. रॅकेटचा करंट तसा काही फार नसतो, पण तिची जाळी फूटभर असते आणि डासाला मरायला तेवढा करंट पुरतो. छर्ऱ्याची बंदूक म्हणजे हवेत एक मीटरभर रुंद रॅकेट फिरवणं. ड्रोनही डासासारखाच नाजूक आहे, चारातला एक पंखा तुटला किंवा एका मोटरची वायर गेली की भिंगरीसारखा फिरून खाली येतो. त्याला आरपार भोक पाडायची गरजच नाही.

बारा बोअरमधला बारा आणि काडतुसाच्या पोटातला माल

माझ्या मामाकडे आजोळी, कोकणात, परवान्याची बारा बोअर आहे. रानडुकरं नाचणी आणि रताळी उकरून टाकतात म्हणून आजोबांनी घेतलेली. लहानपणी वाटायचं बारा म्हणजे बारा गोळ्या असतील. तसं नाही. नळीत बरोब्बर बसेल असा शिशाचा एक गोल गोळा केला आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड वजन भरलं, तर ती बारा बोअर. जुनी इंग्रजी मापं, काय करणार. नळीचं भोक निघतं साधारण साडेअठरा मिलिमीटरचं.

एकदा मामाने सर्दलेलं जुनं काडतूस कात्रीने उभं कापून दाखवलं होतं. खाली पितळेची टोपी, मध्ये काळपट दारू, तिच्यावर फुलासारखी प्लॅस्टिकची वाटी आणि त्या वाटीत हे बारीक छर्रे, मोहरीपेक्षा मोठे, मिऱ्यापेक्षा लहान. ताटात ओतले तर टणटण करत चहूकडे पळाले आणि पुढे महिनाभर आजीला केर काढताना सापडत होते.

बार काढला की ही वाटी छर्ऱ्यांना घेऊन नळीबाहेर येते, पाकळ्या उघडतात, वाटी मागे पडते आणि छर्रे हळूहळू फाकत पुढे जातात. किती फाकायचे ते नळीच्या तोंडाच्या आवळण्यावर ठरतं, त्याला चोक म्हणतात, पाण्याच्या पाइपचा नोझल फिरवून फवारा लहानमोठा करतो तसं. फुल चोकची, म्हणजे चांगल्याच आवळलेल्या तोंडाची, प्रमाण व्याख्या अशी की ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे पडले पाहिजेत. ३० इंच म्हणजे पाऊण मीटर, आपल्या चहाच्या गोल टेबलाएवढं.

मोठा छर्रा का नको? बारीक का नको?

इथे माझाही गैरसमज होता. मला वाटायचं ड्रोन म्हणजे यंत्र, त्याला जाडा छर्रा लागणार, डुकराचा. डुकराच्या काडतुसात ८ मिलिमीटरचे छर्रे असतात, पण असतात फक्त ८-९.

आता ते चहाचं टेबल डोळ्यासमोर आणा. त्याचं क्षेत्रफळ साधारण ४४०० चौरस सेंटिमीटर. समोरून येणाऱ्या ड्रोनचा भरीव भाग, म्हणजे मोटरी, बॅटरी, फ्रेम, कॅमेरा, असा ३०० चौरस सेंटिमीटर धरू. नऊ जाडे छर्रे टेबलावर टाकले तर ड्रोनला लागतो सरासरी अर्ध्या छर्ऱ्याच्या आसपास, धड एकही नाही. म्हणजे अगदी बरोबर नेम धरूनही कितीतरी वेळा एकही लागणार नाही! उलट ३ मिलिमीटरचे छर्रे घेतले तर ३२ ग्रॅमच्या काडतुसात २०० मावतात. त्यातले १४० टेबलावर पडले तर ड्रोनला लागतात नऊ-दहा. काम झालं.

मग अजून बारीक, दोन मिलिमीटरचे घेऊ, सहाशे मावतील? मावतील, पण बारीक छर्रा हवेत लगेच दमतो. वाळूची मूठ जोरात फेका, दोन हातांवर जाऊन पडते, तोच एक खडा फेकला तर अंगणाबाहेर जातो. चाळीस मीटरवर पोचेपर्यंत त्या बारक्या छर्ऱ्यात पंखा फोडायचा दमच उरत नाही.

म्हणून मधला मार्ग. आणि पैसे असले तर अजून एक मार्ग, छर्रा तेवढाच ठेवायचा पण धातू जड वापरायचा. शिसं घनतेला पाण्याच्या सव्वाअकरा पट, टंगस्टन एकोणीस पटीच्या वर. तोच आकार, पण वजन पावणेदोन पट, म्हणून लांबपर्यंत दम टिकतो. इटलीच्या बेनेली कंपनीने तिच्या एम४ बंदुकीची खास ड्रोनसाठीची आवृत्ती काढलीय, तिच्या जोडीला स्वीडनच्या नॉर्माची टंगस्टनची काडतुसं. अर्थात टंगस्टन महाग, आणि युद्धात काडतुसं काय डझनाने लागत नाहीत.

पण जॅमर आहेत ना?

आहेत. जॅमर म्हणजे ड्रोन आणि पायलट यांच्यातला रेडिओ सिग्नल गोंगाट करून दाबून टाकणारं यंत्र. आपल्या डासाच्या भाषेत कॉइल, लावून ठेवली की डास खोलीत फिरकत नाहीत. आणि २०२३-२४ मध्ये या कॉइलने खूप काम केलंही. प्रत्येक गाडीवर अँटेनांचं जंगल उगवलं होतं. युक्रेनी सैनिकांच्या खिशात त्सुकोरोक नावाची एक डबी असते, नावाचा अर्थ चॉकलेट-गोळीसारखा काहीतरी गोड, ती ड्रोनचा सिग्नल जवळ आला की टूं-टूं करते.

मग दोन भानगडी झाल्या. एक म्हणजे ड्रोनवाले फ्रीक्वेन्सी बदलत राहिले, जॅमर एका पट्ट्यात गोंगाट करतो तर हे दुसऱ्या पट्ट्यातून येतात. आणि दुसरी भानगड खरी मोठी, २०२४ मध्ये रशियाने वायरवाले ड्रोन आणले. वायर म्हणजे तीच ऑप्टिकल फायबर, आपल्या घरी ब्रॉडबँडला येते ती. ड्रोनच्या पोटाखाली दहा-दहा किलोमीटर फायबरचं रीळ, पतंगाच्या मांज्यासारखं मागे सुटत जातं आणि सगळा सिग्नल त्या धाग्यातून. हवेत रेडिओ नाहीच, तर दाबणार काय? त्सुकोरोकही मुकी. शेतांवर असे हजारो धागे पडलेत, सकाळच्या उन्हात कोळिष्टकासारखे चमकतात, त्याचे फोटो बघून अंगावर काटा येतो.

कॉइलला न जुमानणारा डास आला की हात पुन्हा रॅकेटकडेच जातो. ही जुनी बंदूक एकदम अंगणात का आली त्याचं मुख्य कारण हे आहे, कुणाकडे दुसरं काही नव्हतं म्हणून नाही.

दीड सेकंद

बंदूक हाती आली म्हणजे झालं का? नाही हो. चाळीस मीटरपासून ड्रोन तुमच्यापर्यंत यायला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यात आवाज कुठून येतोय ते कळायचं, बंदूक खांद्याला लावायची, पहिला बार चुकला तर दुसरा. फार लवकर मारलात तर छर्रे पोचत नाहीत, फार उशीर केलात तर ड्रोन फुटतो पण तुमच्या अंगावर, कारण त्याचा वेग तुमच्या छर्ऱ्याने काही थांबत नाही, तुटलेला तुकडाही त्याच दिशेने येतच राहतो आणि पोटाला स्फोटक आहेच. म्हणजे कामाचा टापू साधारण पन्नास मीटर ते वीस मीटर, बस, एवढाच.

आणि ड्रोन आडवा जात असेल तर अजून एक गंमत. छर्ऱ्यांना चाळीस मीटर जायला सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ड्रोन साडेतीन मीटर पुढे सरकतो. म्हणजे नेम ड्रोनवर नाही, त्याच्या साडेतीन मीटर पुढच्या रिकाम्या हवेवर धरायचा! नेमबाज याला लीड म्हणतात. क्रिकेटमध्ये डीपचा फील्डर चेंडूकडे धावत नाही, चेंडू जिथे पडणार तिथे धावतो, तेच हे.

ही कला नवीन नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपले राज्यवर्धनसिंह राठोड, तेव्हा लष्करात मेजर, त्यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते हेच करून. उडत्या मातीच्या तबकड्या, व्यास ११ सेंटिमीटर, एकाच वेळी दोन सुटतात आणि दोन्ही फोडायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बॉम्बर विमानांतल्या तोफचींना आधी छर्ऱ्याच्या बंदुकीने तबकड्याच फोडायला लावल्या होत्या, लीड अंगात भिनावी म्हणून. फरक इतकाच की तबकडी ठरलेल्या वाटेने जाते आणि परत फिरून तुमच्यावर येत नाही. ड्रोनचा पायलट तुम्हाला बघत असतो. तो डुलतो, खाली जातो, झाडामागून येतो.

त्यामुळे नुसती बंदूक वाटून भागत नाही, माणूस तयार करावा लागतो, आणि त्यासाठी शेकड्यांनी काडतुसं सरावात जाळावी लागतात. माझं मत विचाराल तर याचं खरं महागडं अंग हे आहे, बंदूक नव्हे.

जिथे ही बंदूक हात टेकते

काही ड्रोन आदळत नाहीत, शंभर-दीडशे मीटर उंचावर शांत उभे राहतात आणि वरून ग्रेनेड सोडतात किंवा नुसते बघत बसतात. त्यांच्यापुढे छर्रे म्हणजे छताला बसलेल्या डासाकडे खालून रॅकेट हलवणं.

रात्री दिसत नाही. दोन ड्रोन दोन बाजूंनी आले तर अजून अवघड. बंदुकीत सहा-सात काडतुसं मावतात आणि भरायची एकेक करून, थंडीत बोटं बधिर झालेली असताना. वजन साडेतीन-चार किलो, ते रायफल, पाणी, चिलखत या सगळ्याच्या वर. म्हणून शक्यतो तुकडीतला एकजण हेच काम करतो आणि गाडीत असेल तर मागे तोंड करून बसतो. तो व्हिडिओतला पाठमोरा माणूस हाच.

"मग दोन-दोन शस्त्रं घ्यायचीच कशाला, रायफलमधूनच छर्रे मारा की" असं कोणी म्हणेल, तर तेही युक्रेनने करून बघितलंय. होरोशोक, म्हणजे वाटाणा, असं नाव दिलेली रायफलची गोळी आहे, नळीबाहेर पडली की तिचे तुकडे होऊन पसरतात. मॅगझिन बदलली की तीच रायफल छोटी रॅकेट. पण गोळी बारीक, त्यामुळे तुकडे मोजकेच, बारा बोअरच्या दोनशे छर्ऱ्यांची सर त्याला नाही. दुसरीकडे इस्रायलचं स्मॅश नावाचं दुर्बिणीसारखं यंत्र आहे, ते रायफलवर बसवतात, ते लक्ष्याचा माग ठेवतं आणि नेम जुळेल त्याच क्षणी गोळी सुटू देतं. आपल्या नौदलाने २०२० मध्येच त्याची ऑर्डर दिली होती. चांगलं आहे, पण एकेकाची किंमत बघता प्रत्येक जवानाच्या हातात ते येणं कठीण.

आणि मच्छरदाणी? तीही आहे, खरीखुरी. दक्षिण युक्रेनमधल्या खेरसनकडे रस्त्यांवर खांब रोवून वरून जाळी टाकलीय, गाड्या जाळ्याच्या बोगद्यातून जातात. फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या कोळ्यांची जुनी जाळी तिकडे पाठवली गेली. ड्रोनचे पंखे जाळ्यात अडकले की तो तिथेच लटकतो. मच्छरदाणी, कॉइल, रॅकेट, घरात आपण तिन्ही ठेवतोच ना, तसंच.

आपल्याकडे याचं काय?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं होतं. तेव्हा जी जुनी एल-७० ही विमानविरोधी तोफ कामाला आली ती चाळीस मिलिमीटरची, म्हणजे काही किलोमीटरवरचा खेळ, तिथे बारा बोअरचा संबंध नाही. पंजाब सीमेवर हेरॉइनच्या पुड्या घेऊन येणारे ड्रोनही रात्रीचे आणि उंचावरून येतात, तिथेही हात पोचत नाही. पण जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, तसं काही एखाद्या चौकीवर झालं, किंवा उद्या सीमेवर एफपीव्ही आले, तर शेवटच्या पन्नास मीटरला काय, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. छर्ऱ्यांचा एक फायदा मात्र वस्तीत मोठा आहे. वर मारलेली रायफलची गोळी किलोमीटर-दोन किलोमीटरवर कुणाच्या पत्र्यातून आत येऊ शकते, बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरच्या आत दम सोडून पावसासारखे पडतात. डोळ्यात गेले तर तेही वाईटच, पण जीव जायची शक्यता फार कमी.

आणि गावच्या मंडळींसाठी, कारण हा प्रश्न हमखास येतो. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, नगर, पुण्याच्या खेड्यांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून केवढी घबराट होती, लोक काठ्या घेऊन जागत होते. तेव्हा "परवान्याची बंदूक आहे, पाडू का" असं विचारणारेही होते. पाडायचा नाही. ड्रोन कायद्याने विमानातच मोडतो, परवाना पिकाच्या राखणीचा किंवा स्वसंरक्षणाचा असतो, आणि वस्तीत बार काढला तर ड्रोनवाल्याआधी पोलीस तुमच्याकडे येतील. ११२ लावा.

आमच्या मामाचा असाच फोन आला होता एकदा. वाडीवर ड्रोन फिरतोय, काढू का बार? मी विचारलं, केवढ्या उंचीवर आहे. म्हणाला, "माडाच्या तिप्पट असेल." माड वीस मीटरचा धरला तर साठ मीटर. म्हटलं मामा, ठेवा ती बंदूक, तिथवर छर्ऱ्यांत दम उरायचा नाही आणि लागलेच तर परवाना जाईल. दुसऱ्या दिवशी कळलं, खालच्या वाडीत हळद होती, त्यांचं शूटिंग चाललेलं.